केसपेपरवर ‘काम काय करता?’ हेही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात सध्या द्राक्ष हंगामाच्या बातम्या रोज येतात. छाटण्या लांबल्या, डाऊनी हा बुरशीचा रोग आला, मजूर मिळेनात, उक्त्याचे दर वाढले. सगळ्या खऱ्या आहेत. आमच्या घरी अडीच एकर थॉमसनची बाग आहे, त्यामुळे त्या वाचताना माझाही जीव खालीवर होतो. पण ज्या मजुरांच्या टंचाईचे मथळे येतात, त्या मजुरांच्या खांद्यांचं, मानेचं आणि कमरेचं काय चाललंय, हे मला आजवर कुठल्या पानावर वाचायला मिळालं नाही. मी फार्मसिस्ट आहे. गिरणाऱ्याच्या परिसरात, मजूर जिथे उतरतात त्या रस्त्याला लागून माझं औषधांचं दुकान आहे. बागायतदाराच्या घरात राहणारी आणि मजुरांना औषध देणारी अशी दोन्हीकडची मी असल्यामुळे हे पत्र लिहिणं मला भाग वाटतं.

गिरणारे नाशिकच्या पश्चिमेला, हरसूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. टोमॅटोचा बाजार आणि मजुरांचा नाका यांमुळे आसपासच्या तालुक्यांत ते सगळ्यांना ठाऊक आहे. हंगाम लागला की हरसूल, पेठ, त्र्यंबक, सुरगाणा, कधी पार जव्हार-मोखाड्याकडून नवरा-बायकोच्या जोड्या इकडे येतात. काही जण बागेतल्या शेडमध्ये मुक्काम करतात. बाकीचे पहाटे पिकअपमध्ये उभ्याने येतात आणि दिवस मावळल्यावर उभ्यानेच परत जातात. सकाळी मी शटर वर करते तेव्हा समोर उभं असलेलं गिऱ्हाईक ताप-खोकल्याचं क्वचितच असतं. बाम, मलम, कमरेचा पट्टा आणि ‘अंगदुखीची गोळी’, हीच मागणी. ‘ताई, हात वर जाईना.’ ‘मान आखडली.’ ‘रात्री या कुशीवर झोपता येत नाही.’ ‘बोटं बधिर होत्यात, कात्री धरवत नाही.’ घड विरळणीच्या दिवसांत ही वाक्यं वाढतात, काढणी संपेपर्यंत चालू राहतात.

ज्यांनी बागेत काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. द्राक्षाचं काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सावलीतलं हलकं काम येतं. नांगर नाही, फावडं नाही, डोक्यावर पाटी नाही. बायका मांडवाखाली उभ्या, हातात छोटी कात्री. फोटो काढायला छान दिसतं. पण तो हात कुठे आहे ते बघा. निर्यातीच्या बागेत साधारण दीड चौरस फुटाला एक घड धरतात. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एकरात एकोणतीस हजार घड. या प्रत्येक घडाला जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात बुडवायचं, मग त्यातले मणी विरळ करून मोजके ठेवायचे, पुन्हा बुडवायचं, ऊन लागू नये म्हणून कागद गुंडाळायचा, शेवटी देठ कापून क्रेटमध्ये ठेवायचा. एका घडासाठी चार-पाच वेळा हात वर गेला असं धरलं तर एका एकरात एका हंगामात लाखावर वेळा कुणाचा तरी हात डोक्याच्या पातळीला जातो. आणि विरळणीत तो नुसता जाऊन खाली येत नाही. एका हाताने घड धरून ठेवायचा, दुसऱ्याने आतले बारीक मणी टिपायचे, तोवर दोन्ही हात वरच. याशिवाय डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावणं, फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढणं, काड्या बांधणं ही कामं वेगळीच.

आमच्या बागेतला मांडव माझ्या सासऱ्यांनी घातला. तार जमिनीपासून साडेसहा फुटांवर आहे. सासरे उंच होते, त्यांना ती बेताची होती. आता त्या मांडवाखाली काम करणाऱ्या बहुतेक बायकांची उंची पावणेपाच फुटांच्या आसपास आहे. टेप लावून पाहिलं तर घडाचा मधला भाग त्यांच्या कपाळाच्या वर येतो. म्हणजे मान मागे टाकायची, नजर वर लावायची, कोपर खांद्याच्या वर न्यायचं आणि दिवसभर तसंच राहायचं. उंच गड्याची अडचण उलटी. लोंबत्या घडांना डोकं लागू नये म्हणून तो मान तिरकी करून, पाठ वाकवून चालतो. एकाच मांडवाखाली एकाची मान मागे पडलेली, दुसऱ्याची पुढे झुकलेली, आणि संध्याकाळी दोघंही माझ्याकडे एकाच मलमासाठी.

शरीरात काय होतं ते मला शिक्षणामुळे थोडंफार कळतं. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतो. पन्नास किलोच्या बाईचा हात अडीच किलोचा. कात्रीचं वजन सोडून द्या, नुसता स्वतःचा हात वर धरून ठेवणं म्हणजे अडीच किलोचं ओझं लांब धरून ठेवणं. स्नायू सतत ताणलेला राहिला की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त नीट पोचत नाही, स्नायू भरून येतो. हात खाली-वर होत राहिला तर निदान मधूनमधून रक्त खेळतं. तसाच वर धरून ठेवला की तेही नाही. खांद्याच्या सांध्यात तर जागाच कमी. हात वर उचलणाऱ्या एका स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून, अरुंद जागेतून जाते. हात खांद्याच्या वर गेला की ती त्या हाडाखाली दाबली जाते आणि घासते. रोज घासली की सुजते, सुजली की जागा आणखी कमी होते आणि आणखी घासते. पुढे तिचे तंतू तुटू लागतात. दुखतं म्हणून माणूस हात हलवायचं टाळतो, मग सांधा आखडतो. मधुमेह असेल तर खांदा आखडण्याची भीती आणखी जास्त. मग बाईला स्वतःची वेणी घालता येत नाही, हंडा डोक्यावर चढवता येत नाही, पोराला उचलून घेता येत नाही.

त्यात बोथट कात्री. कात्री बोथट असली की प्रत्येक देठाला जास्त दाब द्यावा लागतो. मनगटातून जाणारी नस त्या वारंवार दाबाने आवळली जाते, बोटांना मुंग्या येतात, रात्री हात झटकत उठावं लागतं. छाटणीच्या मोठ्या कात्रीने दिवसभर काड्या कापणाऱ्या गड्यांचंही हेच.

बरं, बागेचं काम संपलं की विश्रांती, असंही नाही. पश्चिम पट्ट्यातल्या या लोकांची स्वतःची थोडीथोडकी भाताची, नागलीची शेती असते. पावसाळ्यात ते घरी जातात ते आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला. म्हणजे हिवाळ्यात हात वर आणि मान मागे, पावसाळ्यात चिखलात उभं राहून कंबरेत दुमडलेलं अंग. उन्हाळ्यात पाण्यासाठी डोंगर उतरणं-चढणं, ते बायकांच्याच वाट्याला. म्हणून खांद्याची गोळी घेणारी बाई जून-जुलैत गावाकडच्या दुकानातून कमरेची गोळी घेते. वर्षाचा एकही हंगाम तिच्या सांध्यांना मोकळा नाही.

आता गोळीबद्दल, कारण तो माझ्या अधिकारातला विषय आहे. मजूर मागतात ती बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकची किंवा तिच्या कुळातली. ती शेड्यूल ‘एच’मधली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. मी देत नाही. पण ती पुढे कुठे मिळते हे मजुरांना माझ्याइतकंच माहीत आहे. काही टोळ्यांत तर पाण्याच्या कॅनसोबत गोळ्यांची पाकिटंही बागेत येतात. गोळी घेतली की दुखणं दबतं, हात वर जातो, काम होतं, आणि सुजलेली कंडरा त्या दिवशी आणखी झिजते. वेदना ही थांब म्हणून सांगणारी असते. तिचं तोंड बांधलं की झीज कळतच नाही.

दुसरं म्हणजे मूत्रपिंड. बागेत बायकांना लघवीला जायची सोय नसते, म्हणून त्या पाणी कमी पितात. मला कितीजणींनी हे सांगितलंय. अंगात पाणी कमी असताना ही औषधं घेतली की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं. रिकाम्या पोटी घेतली तर पोटात जखमा, कधी रक्तस्राव. एखाद-दोन दिवसांनी बिघडत नसेलही, पण इथे महिनोन्‌महिने चालतं. आमच्या या पट्ट्यातच हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी खाद्यकेंद्र आहे. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती देशभरात झपाट्याने संपत गेली. म्हणून २००६ साली सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. गिधाडाच्या आणि माणसाच्या शरीरात फरक आहे, माणसाला ते योग्य प्रमाणात, डॉक्टरच्या सल्ल्याने घेता येतं. पण एवढ्या प्रभावी औषधाची पाकिटं कुणी न विचारता बागेत वाटली जातात, आणि कुणाच्या मूत्रपिंडाचं काय झालं हे कुणी पाहत नाही, हे मला सहन होत नाही.

गेल्या हंगामात पेठकडची एक मावशी दुकानात आली. चाळिशीची असेल. उजवा हात कोपरापासून पोटाशी धरलेला. पैसे डाव्या हाताने काढले, पदरही डाव्या हाताने सावरला. म्हणाली, दवाखान्यात जाऊन आले, यातलं काय घ्यायचं ते वाचून सांग. तिने केसपेपर काउंटरवर पसरला. नाव, वय, लिंग, गाव, तारीख, रक्तदाब. खाली लिहिलं होतं, खांदादुखी, वयोमानानुसार झीज. पाच दिवसांच्या गोळ्या. आणि सल्ला, जड काम टाळणे, विश्रांती. मी तिला विचारलं, “मावशी, डॉक्टरांनी विचारलं का, काम काय करता?” म्हणाली, “नाही. म्या सांगाया लागले तं पुढचा नंबर बोलावला.” मग आपणच पुढे म्हणाली, “आराम केला तं टोळीतली जागा जाती, बाई.”

डॉक्टरांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. बाहेर रांग लागलेली असते, एका माणसामागे दोन-तीन मिनिटं मिळतात, हे मला दिसतं. पण त्या कागदावर काम लिहायला जागाच नव्हती. जागा असती तर ‘वयोमानानुसार’ हा शब्द लिहिताना हात अडला असता. सत्तरीतल्या पेन्शनरच्या खांद्याला झीज म्हणा. चाळिशीतल्या बाईचा, तोही कामाच्याच हाताचा खांदा गेला असेल तर तो कामाने गेला आहे. वय म्हटलं की कुणाचीच जबाबदारी उरत नाही. बागायतदाराची नाही, मुकादमाची नाही, सरकारची नाही.

इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी सन १७०० मध्येच सांगून ठेवलं होतं की वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत आणखी एक घालावा, तुझा धंदा काय? तीनशे वर्षं उलटली. आमच्या तालुक्यातल्या केसपेपरवर तो प्रश्न अजून यायचा आहे. माझी मागणी एवढीच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय यांच्या केसपेपरवर ‘काम’ अशी एक ओळ छापा आणि ती भरा. नुसतं ‘मजूर’ नको. द्राक्ष विरळणी, ऊसतोड, भात आवणी, कांदा काढणी, क्रेट भरणे, जे असेल ते. महिन्याच्या अहवालात खांदा, मान, कंबर, गुडघा, मनगट यांच्या तक्रारी कामानुसार मोजा. एका हंगामात चित्र उभं राहील. आज ते नसल्यामुळे ‘मजुरांना असं काही होत नाही, त्यांना सवय असते’ असं कुणीही म्हणू शकतो. म्हणतातही.

हे होण्यासारखं नाही असं कुणी सांगू नये. आम्ही द्राक्षवाले लोक नोंदी ठेवण्यात देशात पुढे आहोत. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडकला, कित्येक घरं त्या एका हंगामात कर्जात बुडाली. त्या धक्क्यानंतर आम्ही सुधारलो. आज निर्यातीचा प्रत्येक प्लॉट ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर नोंदवलेला असतो, कुठलं औषध कधी फवारलं याची वही असते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शापर्यंत अंश तपासला जातो. मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. परदेशी प्रमाणपत्रासाठी आमच्या बागेत ऑडिटर येऊन गेले. औषधांची खोली, हात धुण्याची सोय, प्रथमोपचाराची पेटी, सगळं त्यांनी पाहिलं, आणि ते पाहायलाच हवं. फक्त ज्या हातांनी घड तयार केला ते हात किती वर जातात, हे त्यांच्या कागदावर नव्हतं.

बागायतदाराकडूनही काही अपेक्षा आहेत, आणि त्या मी स्वतःच्या घरापासून मांडते. आम्ही गेल्या विरळणीपासून प्रत्येक बुटक्या मजुराला लाकडी पाट दिले. उलटं क्रेट मजूर पूर्वीही घेत असत, पण ते डगमगतं, त्यावरून पडून पाय मुरगळतो. पाटावर उभं राहिलं की घड तोंडासमोर येतो, कोपर खाली राहतं. सुताराने टाकाऊ फळ्यांचे करून दिले, खर्च नावालाच आला. अडचण वेगळीच निघाली. उक्त्यावर काम करणारी टोळी पाट सरकवण्यात वेळ घालवायला तयार होईना. एकरी भाव ठरलेला, जितकं लवकर उरकेल तितका रोज जास्त पडतो. थांबणं म्हणजे पैसे जाणं. मग आम्ही विरळणीपुरतं उक्तं सोडून रोजंदारीवर आलो. दिवस जास्त लागले, खर्च वाढला, हे खरं. पण घडांची गुणवत्ताही सुधारली, कारण घाईत कात्रीचं टोक लागून खराब होणारे मणी कमी झाले. ज्यांना रोजंदारी परवडत नाही त्यांनी निदान उक्त्याच्या भावातच विश्रांती धरावी. तासाला पाच मिनिटं हात खाली सोडून मोकळे करायला सगळ्या टोळीला एकदम थांबवावं. एकटी बाई थांबली तर ती कामचुकार ठरते, सगळे थांबले तर कुणाला बोल लागत नाही.

कात्र्यांना रोज धार, वरची कामं आणि क्रेट उचलण्याची, पॅकिंगची कामं आलटून-पालटून, बागेत बायकांसाठी आडोसा आणि जवळ पाणी, या गोष्टींना योजना लागत नाही. नवी बाग लावणाऱ्यांनी मात्र मांडवाऐवजी वाय पद्धतीचा, म्हणजे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या आधारावर वेल चढवण्याचा, विचार करताना फक्त उत्पन्न आणि उन्हाचा चट्टा एवढंच बघू नये. वाय पद्धतीत घड छातीच्या आसपास येतात, हे काम करणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठं आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने आणि द्राक्ष बागायतदार संघाने मांडवाच्या उंचीची शिफारस करताना मजुराची उंचीही हिशेबात धरावी, अशी माझी नम्र सूचना आहे. वेलीचा अभ्यास एवढा बारकाईने होतो, त्या वेलीखाली उभ्या असलेल्या माणसाचाही व्हावा.

कायद्याचं बोलायचं तर कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्यांनी दोन आधार दिले. कारखाने अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नये असं सांगितलं, आणि कर्मचारी राज्य विमा योजनेने आजारपणाच्या रजेत काही पैसे हातात दिले. हमालांनी संघटित होऊन लढा दिला, १९६९ चा माथाडी कायदा आला. साखरेचं शंभर किलोचं पोतं पन्नासवर आलं. शेतमजुराला यातलं काहीच नाही. शेतकऱ्यांसाठी अपघाताची सानुग्रह अनुदान योजना आहे, ती खातेदाराला आणि त्याच्या घरच्याला, तीही अपघातासाठी. दर हंगामाला थोडा थोडा झिजणारा खांदा हा अपघात ठरत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी. या दुखण्याला सुरुवातीला लागतो तो व्यायाम, शेक, काही आठवडे वेगळं काम आणि फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन. ते वेळेवर मिळालं तर पुष्कळ खांदे वाचतात, ऑपरेशनची वेळच येत नाही. नाशिक शहरात फिजिओथेरपिस्ट गल्लोगल्ली आहेत. पेठ, सुरगाणा, हरसूलच्या बाईला त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून, भाडं भरून शहरात जावं लागतं, म्हणून ती जात नाही.

आरोग्य खात्याच्या आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या सगळ्यांची माहिती भरून घेतात आणि त्यांना तपासणीसाठी पाठवतात. साखर, रक्तदाब, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग. फार चांगलं काम आहे. त्याच फेरीत एक प्रश्न आणखी विचारता येईल, ‘दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ जातात का, करून दाखवा.’ अर्ध्या मिनिटाचं काम, यंत्र लागत नाही. ज्यांचा हात जात नाही त्यांची यादी करून फिजिओथेरपिस्टला हंगामात तरी आठवड्यातून एकदा इकडे पाठवावं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी हे मनावर घेतलं तर येत्या विरळणीच्या आधी होऊ शकेल. दिवस मात्र मजुरांच्या सोयीचा हवा. आठवडे बाजाराच्या दिवशी त्यांना सुट्टी असते, त्या दिवशी ते गावात येतातच. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ ठेवली तर एकही मजूर येणार नाही.

जागेची अडचण सांगितली जाईल, म्हणून आधीच कळवते. माझ्या दुकानाची पडवी बाजाराच्या दिवशी त्यासाठी मी रिकामी करून देईन. एक टेबल, दोन खुर्च्या आणि मोकळी भिंत एवढं पुरे. आखडलेल्या खांद्याचा पहिला व्यायाम भिंतीवर बोटांनी वर चढत जाण्याचाच असतो. माझं नाव छापू नये, पण संबंधित अधिकाऱ्यांनी विचारणा केली तर माझा पत्ता त्यांना जरूर द्यावा.

आपली नम्र,
एक औषधविक्रेती आणि द्राक्ष बागायतदार
गिरणारे परिसर, जि. नाशिक